किती तासांत पोचशील? जपानमध्ये कायमचं राहावं का, या एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण माझ्याच घरातलं आहे. माणसं तीन: मी, नवरा आणि मुलगी. चौथी आई, ती साताऱ्यात. निर्णयाला लागलेला काळ मे २०२१ ते जून २०२४. मी व्यवसायाने दुभाषी आहे, त्यामुळे जपानी कागद वाचण्यात आम्ही अडलो नाही. अडलो ते दुसरीकडे. इथे आठ-दहा वर्षं काढलेली मराठी कुटुंबं गणपतीला किंवा दिवाळीला भेटली की हा विषय निघतोच, आणि बोलणं बहुतेक वेळा 'हे लोक आपल्याला कधी आपलं म्हणतील का' इथे येऊन थांबतं. त्या प्रश्नाशी आम्हीही बरीच वर्षं बसून होतो. त्यातून काही हाती लागलं नाही. पुढे ज्या प्रश्नांनी निर्णय घडवला ते वेगळे होते, म्हणून सगळं आकड्यांसकट लिहून ठेवते आहे.

आम्ही कुठे होतो

मी पुण्यात जपानी शिकले. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. तिथल्या तळ्याकाठी बसून मी कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, पाठ केल्या आहेत. मराठी माणसाला या भाषेचं व्याकरण परकं वाटत नाही. क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय शब्दामागे. 'पुने कारा किमाशिता' म्हणजे 'पुण्याहून आले', शब्दाला शब्द. ही जवळीक फसवीही असते. वाक्य जुळलं की माणसंही जुळतील असं वाटू लागतं.

एप्रिल २०१२ मध्ये आम्ही टोकियोत आलो. नवरा गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. मी सुरुवातीला अवलंबित व्हिसावर होते, म्हणजे परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम. २०१४ च्या ऑगस्टमध्ये मुलगी झाली. जपानमध्ये जन्मली म्हणून जपानी नागरिकत्व मिळत नाही; इथे ते आईवडिलांच्या रक्ताच्या नात्यावरून ठरतं. आम्ही तिचा जन्म आपल्या वकिलातीत नोंदवला, भारतीय पारपत्र काढलं, आणि दोन महिन्यांच्या बाळाला परदेशी रहिवासी म्हणून ओळखपत्र मिळालं. पुढे मला स्वतःचा कामाचा व्हिसा मिळाला, आणि २०१९ पासून मी स्वतंत्रपणे दुभाषी म्हणून काम करू लागले.

मुलीच्या जन्माआधी मोठं घर शोधत होतो तेव्हाचा अनुभव इथे सांगायला हवा, कारण 'आपलं म्हणतील का' या प्रश्नाचं मूळ त्यात आहे. दलाल आमच्यासमोरच घरमालकाला फोन लावायचा आणि पहिलं वाक्य हेच असायचं: भाडेकरू परदेशी आहेत, चालेल का? तीनदा नाही आलं. दलाल दर वेळी कमरेत वाकून माफी मागायचा, आणि त्या माफीनेच जास्त लागायचं. कायदा मंत्रालयाने २०१६ साली परदेशी रहिवाशांची पाहणी केली. त्यात घर शोधलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के लोकांनी परदेशी म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं होतं. म्हणजे आमचं काही निराळं नव्हतं.

वाट निघाली ती यूआर या निमसरकारी संस्थेच्या घरांमुळे. तिथे जामीनदार लागत नाही, मालकाला 'आभार' म्हणून द्यायची परत न मिळणारी रक्कम नाही. उत्पन्नाचा दाखला दाखवला की घर मिळतं. टोकियोच्या एदोगावा विभागातल्या निशिकासाईत भारतीय वस्ती वाढायचं हे एक मोठं कारण आहे. दुसरं कारण तोझाई मार्गाची रेल्वे, जी मध्य टोकियोतल्या कचेऱ्यांकडे थेट जाते. २००० च्या सुमारास आलेल्या संगणक अभियंत्यांपासून ही वस्ती सुरू झाली. याच एदोगावाच्या सभेवर एप्रिल २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक निवडून आले. अंबरनाथचे, पुण्यात शिकलेले, आणि २०१२ मध्ये जपानी नागरिकत्व घेतलेले. ते निवडून आले त्या रात्री आमच्या इमारतीत पेढे वाटले गेले. आम्ही मात्र त्यांना मत देऊ शकलो नव्हतो. इथे परदेशी माणसाला, कितीही वर्षं राहिला तरी, स्थानिक निवडणुकीतही मत नाही.

मे २०२१

त्या एप्रिलमध्ये मुलगी पहिलीत गेली. जपानमध्ये पहिलीतल्या मुलांचं चामडी दप्तर, रांदोसेरु, बहुधा आजी-आजोबा घेऊन देतात आणि ते सहा वर्षं टिकतं. बाबांना हे कधीतरी सांगितलं होतं. २०१९ च्या दिवाळीत आम्ही साताऱ्याला गेलो तेव्हा त्यांनी पाकिटात पैसे घालून दिले होते, वर लिहिलं होतं 'दप्तर'. शाळेच्या फाटकाशी ते दप्तर पाठीवर घेतलेला तिचा फोटो त्यांनी पाहिला.

मेच्या पहिल्या आठवड्यात बाबांना कोरोना झाला. दादा इंजेक्शनसाठी साताऱ्याहून कऱ्हाड, कऱ्हाडहून पुणे असा फिरत होता. मी १५ मेचं तिकीट काढलं. १२ मेला जपान सरकारने जाहीर केलं की १४ तारखेपासून भारत, पाकिस्तान आणि नेपाळमधून येणाऱ्या, इथे राहण्याचा परवाना असलेल्या परदेशी लोकांनाही परत प्रवेश मिळणार नाही. किती दिवस, ते सांगितलं नव्हतं. जाता येत होतं. परत येता येणार नव्हतं. मुलगी सहा वर्षांची, शाळा सुरू होऊन महिना झालेला.

नवरा म्हणाला, "तू जा. इथलं मी बघतो." दादा फोनवर म्हणाला, "येऊन काय करशील? आम्हालाच आत सोडत नाहीत." मी गेले नाही. चार दिवसांनी बाबा गेले. त्यांच्या अस्थी सावडायला दादालाही धड जाता आलं नाही. नगरपालिकेच्या माणसांनी सगळं केलं. मी तो दिवस निशिकासाईच्या स्वयंपाकघरात उभी राहून काढला. तेव्हा न जाणं बरोबर होतं की चूक, हे मला आजही ठरवता आलेलं नाही आणि या लेखातही मी ते ठरवणार नाही. पण त्या दिवसापासून प्रश्न बदलला. कोण आपलं म्हणतं याने आता काही ठरणार नव्हतं. वेळ आली तर मला जाता येईल का, आणि गेले तर परत येता येईल का, एवढंच उरलं.

कागद काय सांगत होते

समोर तीन वाटा होत्या: स्थायी निवास (भारतीय पारपत्र ठेवून इथे कायम राहण्याचा परवाना), जपानी नागरिकत्व, किंवा पुण्याला परत.

पहिल्या धक्क्यात मी नागरिकत्वाकडे वळले. कारण उघड होतं: जपानी पारपत्र असलेल्या माणसाला या सगळ्या काळात कधीही परत येता येत होतं. स्थायी निवासाला तो भरवसा नव्हता. २०२० च्या वसंतात सीमा बंद झाल्या तेव्हा वीस-वीस वर्षं इथे कर भरलेले स्थायी निवासीही बाहेर अडकले होते. सगळ्या रहिवाशांना पुन्हा येऊ देणं १ सप्टेंबर २०२० पासून सुरू झालं. त्या उन्हाळ्यात अडकलेल्या ओळखीच्या एका कुटुंबाचं सामान आम्ही इथल्या घरातून काढून दिलं आहे.

नागरिकत्वासाठी तेव्हा कायद्याप्रमाणे सलग पाच वर्षांचा निवास पुरत होता. भाषा साधारण इथल्या तिसरीच्या मुलाइतकी यावी अशी अपेक्षा असते, आणि 'मला जपानी का व्हायचं आहे' हे स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागतं. मी तो मजकूर लिहायला तीनदा बसले. कामाची, मुलीच्या शाळेची, शेजाराची कारणं सहज उतरली आणि सगळी खरी होती. मग कागदांची यादी वाचली. आईवडिलांच्या लग्नाचा दाखला हवा. आई-बाबांचं लग्न १९७८ चं, नोंदणी कधी झालीच नव्हती; घरात फक्त लग्नपत्रिका आणि अक्षता टाकतानाचा एक फोटो. हे निस्तरता आलं असतं, पुष्कळ लोक निस्तरतात.

खरा अडथळा पुढचा. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दुसऱ्या देशाचं घेतलं की आपलं आपोआप संपतं. मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांसाठीचं कार्ड मिळतं. त्यावर येता-जाता येतं, राहता येतं. मत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली ठेवता येते. बरेच जण सांगतात की ओसीआय असलं म्हणजे झालं. पण मार्च २०२० मध्ये भारताने ओसीआय धारकांची व्हिसाशिवाय येण्याची सवलतही स्थगित केली होती. म्हणजे मी जपानी नागरिक असते तर २०२० मध्ये टोकियोला हक्काने परत येऊ शकले असते, पण साताऱ्याला हक्काने जाऊ शकले नसते. अडचणीच्या काळात दोन्ही देश फक्त पारपत्र बघतात, आणि माणसाकडे पारपत्र एकच. हे कळल्यावर मी तो मजकूर लिहिणं थांबवलं. पारपत्रावरचा देश निवडायचा तर तो भावनेनेच निवडायला लागणार होता, आणि माझं मन त्या वर्षी साताऱ्यात होतं.

काही कुटुंबं यावर वेगळी तोड काढतात: नवरा-बायकोपैकी एक जण जपानी होतो, दुसरा भारतीय राहतो. दोन्हीकडे एक तरी माणूस पोचू शकतो. विचार शहाणपणाचा आहे. आम्ही तो सोडला, कारण आमच्या घरी जो जपानी व्हायला तयार होता त्याचेच आईवडील थकलेले होते.

आईचा प्रश्न

'आईला इकडे आण की' हे सुचवणारे खूप भेटतात. जपानमध्ये आईवडिलांसाठी कायमच्या राहण्याचा सरळ व्हिसा नाही. उच्च कौशल्याच्या विशेष व्हिसावर असलेल्या माणसाला आईवडील आणता येतात, पण घरात सात वर्षांखालचं मूल किंवा बाळंतपण असेल तर, घरातलं उत्पन्न वर्षाला ८० लाख येनच्या वर असेल तर, आणि मूल मोठं होईपर्यंतच. एरवी ९० दिवसांचा पाहुण्याचा व्हिसा. म्हातारपणी आईने इथे राहायचं, हा पर्याय कागदावर नव्हताच.

मग उरलं परत जाणं. २०२२ च्या गणपतीत मी आईला सरळ विचारलं, येऊ का कायमची? ती मोदकाचं सारण ढवळत होती. म्हणाली, "माझ्यासाठी म्हणून येऊ नकोस. आलीस आणि तुझं मन लागलं नाही, तर ते मला रोज बघावं लागेल." थोड्या वेळाने गॅस बारीक करून म्हणाली, "फक्त एवढं सांग, बोलावलं तर किती तासांत पोचशील?"

आमच्या निर्णयाचा कणा हाच प्रश्न झाला. टोकियोला परतल्यावर नवऱ्याने आणि मी कागद घेऊन बसून तास मोजले. तिकीट मिळेपर्यंतचे, विमानतळापर्यंतचे, दिल्ली किंवा मुंबईचे, तिथून साताऱ्याचे. पण घड्याळातल्या तासांहून जड एक गोष्ट होती: पोचल्यावर किती दिवस राहता येईल? कामाच्या व्हिसावर तीन महिने योग्य कारणाशिवाय ते काम केलं नाही तर परवाना रद्द होऊ शकतो. आईच्या उशाशी सहा महिने बसायची वेळ आली तर माझा इथला पाया सुटणार होता. स्थायी निवासाला कामाची अट नाही. बाहेर जाताना परत येण्याचा परवाना काढून ठेवला तर तो पाच वर्षांपर्यंतचा मिळतो. अनेक फेऱ्यांसाठीचा तो तेव्हा ६,००० येनला मिळत होता.

एरवी लोक स्थायी निवास घेतात तो इथे रुजायला, घराचं कर्ज मिळायला. आमच्या लेखी त्याचा अर्थ उलटा झाला. तो घेतला की इथून निर्धास्तपणे निघता येणार होतं. माझ्या मते आईवडील भारतात असलेल्या प्रत्येकाने ही बाजू आधी बघावी, आणि घरकर्जाचा व्याजदर नंतर.

घराचंही सांगून टाकते. विकत घ्यायचं नाही असं आम्ही ठरवलं. एदोगावाचा बराचसा भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. मे २०१९ मध्ये विभाग कार्यालयाने घरोघरी पुराचा नकाशा वाटला, त्याच्या मुखपृष्ठावर आमच्याच भागावर ठळक लिहिलं होतं: 'इथे थांबू नका.' त्याच ऑक्टोबरात हागिबिस वादळ आलं आणि एदोगावाच्या मोठ्या भागाला घरं सोडायची सूचना मिळाली. आम्ही खालच्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजींना बरोबर घेऊन शाळेत रात्र काढली. मुलगी त्यांच्या मांडीवर झोपली. त्या रात्रीनंतर त्या आमच्या झाल्या, मुलगी त्यांना ओबाआचान, म्हणजे आजी, म्हणू लागली.

वारसा, आणि उशिरा भरलेली दोन बिलं

स्थायी निवासाची किंमत कोणी सांगत नाही, ती वारशात आहे. जपानमध्ये वारसा कर १० ते ५५ टक्के आहे आणि तो वारसाकडून घेतात. कामाच्या व्हिसावर असलेल्या आणि गेल्या पंधरापैकी दहा वर्षांहून कमी काळ इथे राहिलेल्या परदेशी माणसाला भारतातल्या आईवडिलांकडून तिथे मिळालेल्या मालमत्तेवर तो लागत नाही. स्थायी निवास घेतला, किंवा दहा वर्षं ओलांडली, की जगात कुठेही मिळालेला वारसा हिशेबात येतो. भारतात असा कर १९८५ पासून नाही, त्यामुळे साताऱ्यात कोणाच्या हे ध्यानीमनीही नसतं. बाबा गेले तेव्हा मला इथे नऊ वर्षं झाली होती, म्हणून प्रश्न आला नाही.

पुढचा हिशेब आम्ही आधीच केला. सूट ३ कोटी येन, अधिक प्रत्येक वारसामागे ६० लाख. दादा आणि मी धरून ४ कोटी २० लाख येन, म्हणजे अलीकडच्या दराने सव्वादोन-अडीच कोटी रुपये. साताऱ्याचं घर आणि वाईजवळची जमीन त्याच्या बरीच खाली राहते. पुण्यात दोन-तीन सदनिका असलेल्या घरांचं तसं राहणार नाही. हा आकडा मी ओळखीच्या चार कुटुंबांना सांगितला. चौघांपैकी कोणालाही तो माहीत नव्हता.

निवृत्तिवेतनाचं त्या मानाने सोपं. २०१७ पासून दहा वर्षांच्या भरण्यावर हक्क मिळतो, आणि भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार ऑक्टोबर २०१६ पासून लागू असल्याने दोन्हीकडची वर्षं जोडता येतात. परत जाताना एकरकमी पैसे उचलले तर मात्र ती वर्षं पुसली जातात. ते उचलू नयेत.

एप्रिल २०२२ मध्ये आमची दहा वर्षं पुरी झाली, स्थायी निवासाला लागतात तेवढी. अर्ज घेऊन कागदपत्रांचं काम करणाऱ्या जाणकार बाईंकडे गेलो. त्यांनी माझ्या निवृत्तिवेतनाचा तक्ता बघितला आणि पेन्सिलीने दोन चौकटींना गोल केला: एप्रिल आणि मे २०२१. स्वतंत्र काम करणाऱ्याला हा हप्ता स्वतः भरावा लागतो, तेव्हा महिना १६,६१० येन होता. मी दोन्ही महिन्यांचे हप्ते मुदत उलटून ऑगस्टमध्ये भरले होते. बाबा गेले त्या दिवसांत ती पाकिटं फोडलीच नव्हती. नियमावलीत शेवटच्या दोन वर्षांचा भरणा वेळेवर हवा, नुसता पूर्ण असून भागत नाही. त्या म्हणाल्या, "कारण लिहून देता येईल, पण थांबलात तर बरं." आम्ही थांबलो. अर्ज सप्टेंबर २०२३ वर गेला. तेव्हा मला याचा फार त्रास झाला. आता वाटतं, ती दीड वर्षं मिळाली नसती तर मुलीचा विचार आम्ही घाईत उरकला असता.

मुलीची तिसरी

परतायचंच तर कधीपर्यंत? नोकरीचं कधीही जमलं असतं. मुदत होती मुलीच्या अक्षरओळखीची. जपानी प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १,०२६ कांजी शिकवतात. तिसरी-चौथीपर्यंत मूल विचार कुठल्या लिपीत करतं ते पक्कं होतं, असं आम्हाला वाटत होतं. त्यानंतर पुण्यात आणून दहावीला बसवायचं म्हणजे पोराला मुकं करून पुन्हा बोलायला लावायचं. निशिकासाईच्या आसपास सीबीएसईच्या शाळा आहेत, परत जाण्याची वाट उघडी ठेवणारे बरेच पालक तिथे घालतात. आम्ही तिला सरकारी जपानी शाळेत घातलं होतं. परदेशी मुलांना ती सक्तीची नाही, पण घेतात, आणि फी नाही.

जुलै २०२३ मध्ये, इथे उन्हाळ्याची सुटी लागल्यावर, तिला साताऱ्याला नेलं. तिथे शाळा जोरात चालू होती. माझ्याच जुन्या शाळेत मुख्याध्यापिका बाईंना विचारून चार आठवडे पाहुणी म्हणून वर्गात बसवलं. मराठी ती छान बोलते. वाचताना मात्र बोट ठेवून, जोडाक्षरापाशी थांबत. 'ज्योत्स्ना' या शब्दाशी पाच मिनिटं झगडली. दुसऱ्या आठवड्यात तिला मैत्रिणी मिळाल्या, तिसऱ्यात शिट्टी वाजवता येऊ लागली. तिला सगळ्यात नवल वाटलं ते शाळा झाडायला बाई येतात याचं, कारण इथे मुलंच वर्ग झाडतात आणि आळीपाळीने जेवण वाढतात. जेवणाचं मात्र तिच्यासाठी इथे अवघड: रश्श्यात माशाचं पाणी, म्हणून पहिलीपासून घरचा डबा. साताऱ्यात सगळ्या वर्गाबरोबर एकच डबा खाताना ती किती खुलली हे बघून मी हललेच.

परतताना विमानात तिने वहीत दिवसभराचं लिहिलं, नेहमीप्रमाणे जपानीत, भराभर. त्यात आजीचं बोलणं तेवढं देवनागरीत होतं. तिला आम्ही 'तुला कुठे राहायचं' असं विचारलं नाही. नऊ वर्षांच्या मुलीवर ते टाकू नये, असं माझं ठाम मत आहे. पण ती वही बघून नवरा म्हणाला, "ठरलंय हे." ठरलंच होतं. अठराव्या वर्षी ती सज्ञान होईल, तेव्हा जपानी व्हायचं की नाही हे तिचं ती बघेल.

अर्ज

स्थायी निवासाच्या अर्जाला हमीदार लागतो, जपानी किंवा स्वतः स्थायी निवासी असलेला. त्याच्यावर पैशाची जबाबदारी नसते, तरी 'होशोनिन' हा शब्दच इथे लोकांना घाबरवतो. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहून बुडालेली घरं प्रत्येकाने पाहिलेली असतात. नवऱ्याच्या जुन्या साहेबांना विचारायला आम्ही दोन महिने घेतले. त्यांनी सही केली आणि म्हणाले, मला वाटलं तुम्ही दुसऱ्या कोणाला विचारलंत.

अर्ज चालू असताना, फेब्रुवारी २०२४ मध्ये, खालच्या आजी वारल्या. निइगाताहून एक पुतण्या आला, बाकी कोणी नाही. दहन झाल्यावर इथे लगेच, तिथल्या तिथे, अस्थी गोळा करतात. दोघा-दोघांनी मिळून चॉपस्टिक्सनी एक-एक अस्थी उचलायची, पायापासून सुरुवात करून डोक्याकडे, म्हणजे कलशात माणूस उभा राहतो. म्हणूनच जेवताना एका चॉपस्टिकवरून दुसरीवर घास देणं इथे निषिद्ध. पुतण्या माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "काकूंनी तुमच्याबद्दल सांगितलं होतं. घ्याल का?"

मी घेतल्या. त्या हलक्या होत्या आणि अजून कोमट. शेवटी मानेचा मणका ठेवतात, त्याला 'नोदोबोतोके' म्हणतात, गळ्यातला बुद्ध. बसलेल्या मूर्तीसारखा दिसतो तो. बाबांसाठी जे हातून झालं नाही ते एका परक्या बाईसाठी झालं, असं त्या क्षणी मनात आलं, आणि लगेच कळलं की 'परकी' हा शब्द चुकला.

जून २०२४ मध्ये पत्र आलं. शिनागावाहून बसने इमिग्रेशनच्या कचेरीत गेलो, माणशी ८,००० येनची महसुली तिकिटं अर्जाला चिकटवली, कार्डं घेतली. त्याच महिन्यात संसदेने कायदा बदलला: जाणूनबुजून कर किंवा सामाजिक विमा बुडवणाऱ्याचा स्थायी निवास काढून घेता येईल. माझी ती दोन पाकिटं आठवली. बदल विसरभोळ्यांसाठी नाही असं सरकार सांगतं. तरी आता सगळे हप्ते बँकेतून आपोआप जातात, आणि हे मी नव्या अर्जदारांना पहिल्याच भेटीत सांगते.

नंतर

त्या शरदात आई ९० दिवस राहून गेली. असाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. तिथला कांगितेन म्हणजे आपला गणपतीच. मूर्ती कोणाला दाखवत नाहीत आणि नैवेद्य मुळ्याचा. आईने पांढराशुभ्र मुळा दोन्ही हातांनी वाहिला आणि न दिसणाऱ्या मूर्तीला बराच वेळ हात जोडून उभी राहिली. सकाळी मुलगी दप्तर पाठीला लावून 'इत्ते किमासु' म्हणून निघायची. आईने अर्थ विचारला. 'जाऊन येते.' आई म्हणाली, "मग बरोबर आहे. नुसतं जाते म्हणू नये."

जुलै २०२५ च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत 'जपानी प्रथम' म्हणणाऱ्या सानसेइतो पक्षाला १४ जागा मिळाल्या. प्रचाराच्या दिवसांत स्थानकाबाहेरची भाषणं ऐकताना मी मुलीचा हात घट्ट धरून चालले. घरी आम्ही दोघांनी पुन्हा सगळं मांडलं: हा निर्णय आज घ्यायचा असता तर? नवरा म्हणाला, तोच. मी म्हणाले, तोच, पण मार्च २०२७ मध्ये, तिची प्राथमिक शाळा संपताना, परत एकदा बसू. ते तसं ठरलं आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये आई अंगणात घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. दादाचा फोन इथल्या रात्री दहाला आला. तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात होते, परत येण्याचा परवाना पारपत्रात होता, कामाच्या लोकांना दोन ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी रात्री दवाखान्यात पोचले. आई जागी होती. मी घड्याळ बघून म्हणाले, "सव्वीस तास."

"मी तीस धरले होते," आई म्हणाली. "जेवलीस का?"

मी चार महिने राहिले.